टाकी भरलेली होती

कार्ड चालेना. ओड्नीनं ते बाहेर काढलं, स्वेटरच्या बाहीवर पुसलं, पुन्हा आत सारलं. पंपाच्या काचेवर पुन्हा तीच ओळ उमटली : कार्ड बंद केलेलं आहे, कार्यालयाशी संपर्क साधा. सकाळचे साडेआठ वाजले होते. मार्चमधला वारा समुद्राकडून सरळ पंपाच्या छपराखाली घुसत होता आणि हातातली डिझेलची नळी रिकामी असूनही जड लागत होती. मागं एक लहानशी पांढरी गाडी येऊन उभी राहिली. तिच्यातली बाई खाली उतरली, ओड्नीच्या कोपरापर्यंत येणाऱ्या त्या चाकांकडे बघत राहिली आणि हवापाण्याचं विचारावं तसं सहज म्हणाली, "किती पिते गं ही?" हा प्रश्न ओड्नीला गेली तीस वर्षं लोक विचारत आले होते. रेक्याविकमध्ये मोठ्या चाकांची जीप घेऊन कुठंही थांबा, कुणीतरी येऊन हे विचारणारच. तिच्याकडे उत्तरांचा साठा होता. 'तुझ्या नवऱ्यापेक्षा कमी' हे त्यातलं नेहमीचं. ते ऐकून बायका हसायच्या आणि नवरे चाकाला पाय लावून बघायचे. आज तिनं नुसती नळी अडकवली, गाडीत चढून बसली आणि दार लावून घेतलं. यंत्र बिघडलं असतं तर 'पुन्हा प्रयत्न करा' असं आलं असतं. 'बंद केलेलं आहे' म्हणजे कुणीतरी खुर्चीवर बसून, तिचं नाव वाचून, बंद केलेलं होतं.

कार्यालय बंदराजवळ होतं. पर्यटकांना हिमनदीवर नेणारी सहा जीपगाड्यांची कंपनी, तिचा मालक हाफ्लिडी. बासष्ट वर्षांचा, जाडजूड, मऊ बोलणारा माणूस; ओड्नी त्याच्याकडे अकरा वर्षं गाडी चालवत होती. त्याच्या टेबलाशेजारी स्टुर्ला बसला होता. हा स्टुर्ला हिवाळ्याच्या सुरुवातीला आला होता, तिशीच्या आतबाहेरचा, गाड्यांचे आकडे बघायला ठेवलेला. सहा महिन्यांत तो एकदाही बर्फावर गेला नव्हता, हे सगळ्या चालकांना माहीत होतं आणि ते त्याला 'उबदार' म्हणत. संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवून स्टुर्लानं शांतपणे सांगितलं की इतरांच्या गाड्या शंभर किलोमीटरला बावीस लिटर पितात, तिची गाडी सत्तावीस. पाच महिने सलग. तफावत आहे, म्हणून प्रश्न सुटेपर्यंत कार्ड थांबवलंय, एवढंच. त्यानं 'चोरी' हा शब्द वापरला नाही. ओड्नीनं सांगितलं की सप्टेंबरात तिच्या गाडीची अडतीस इंची चाकं काढून चव्वेचाळीस इंची घातली, मीटर बदलून घ्यायचं राहून गेलं, आणि हे तिनं तेव्हाच हाफ्लिडीच्या कानावर घातलं होतं. हाफ्लिडीनं आठवून बघितल्यासारखं केलं. मग तो उठला, तिच्यासाठी कॉफी ओतली, कप तिच्यासमोर ठेवला आणि जवळ खुर्ची ओढून बसला, एखाद्या आजारी माणसाजवळ बसावं तसा. "ओड्नी, हे बघ," तो म्हणाला, "तुझ्या भावाची बोट आहे. बोटीला डिझेल लागतं. मी काही कालचा नाही, मला कळतं. गाडी गळत होती असं लिहून दे, मी ते फाईलला लावतो आणि विषय संपला. मी कुणाला बोलणार नाही. तेव्हाचं सगळं माहीत असूनही मी तुला गाडी दिलीच ना?"

तेव्हाचं सगळं. कॉफीवर एक पातळ साय धरल्यासारखी दिसत होती आणि ओड्नी तिच्याकडे बघत होती. अकरा वर्षं. अकरा वर्षं हा माणूस तिच्याशी हसून बोलला होता, तिच्या पन्नाशीला केक घेऊन आला होता, आणि त्या सगळ्या काळात त्याच्या मनात ती हिमनदीवर निघताना टाकी भरायला विसरलेली बाई होती. तो तिला माफ करून बसला होता. ज्याबद्दल माफ करायचं ते तिनं केलंच नव्हतं, आणि तिला न विचारता हा आतल्या आत इतकी वर्षं तिला माफ करत होता. चोर म्हणवून घेण्यापेक्षा ही माफी तिला जास्त झोंबली. तिनं कप बाजूला सारला. आवाज चढवायचा नाही एवढं ठरवून ती म्हणाली, "मी काही लिहून देणार नाही. आज माझ्याकडे पाहुणे नाहीत. हा माझ्याबरोबर येईल. टाकी याच्या डोळ्यांदेखत भरायची, किलोमीटर याच्या फोननं मोजायचे. आणि तू मला माफ करायचं बंद कर, हाफ्लिडी." हाफ्लिडीनं दुखावल्यासारखा चेहरा केला. स्टुर्लानं खिडकीतून बाहेरच्या त्या गाडीकडे बघितलं आणि बूट कुठले घालू, असं विचारलं.

शहर मागं पडलं. थिंगवेल्लिरकडे जाणारा रस्ता कोरडा होता, दोन्ही बाजूंना शेवाळ आणि जुन्या बर्फाची ठिगळं. ही गाडी चालवताना रस्ता खालून येत नाही, लांबून येतो. चाकांचा हुंकार एका सुरात चालतो आणि तासाभरानं तो आपल्याच छातीतून येतोय असं वाटायला लागतं. हा आवाज ओड्नीला कारीनं ऐकवला होता. कारी तिचा नवरा होता, अठरा वर्षांपूर्वीपर्यंत. त्याचं गॅरेज होतं, आणि साध्या जीपगाड्यांचे पत्रे कापून, त्या उचलून, त्यांच्याखाली ही राक्षसी चाकं बसवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. लोक उत्तरेतून, पूर्वेच्या खाड्यांमधून गाड्या घेऊन यायचे. चाकं बघून त्यांचे डोळे लहान मुलासारखे व्हायचे आणि मग बायकोची आठवण होऊन ते दबक्या आवाजात विचारायचे, पण पिणार किती? कारी ग्रीसचे हात पुसत म्हणायचा, "दोन-तीन लिटर जास्त. फार तर चार." ओड्नी तेव्हा गॅरेजच्या काउंटरवर बसायची. तिला माहीत होतं की हे खरं नाही. रबराचं वजनच एका चाकाला साठ-सत्तर किलो, ते फिरवायला इंजिनाला रक्त ओकावं लागतं. शिवाय वारा, शिवाय बर्फ. पण कारी ते ज्या सुरात म्हणायचा तो सूर इतका छान होता, आणि गिऱ्हाईक इतकं खूश होऊन जायचं, की तिलाही वाटायचं, असेल, आपल्याला काय कळतं. प्रेमात असताना माणूस कशाकशावर विश्वास ठेवतो याची यादी कुणी केली तर तिच्यात 'फार तर चार' हे नक्की असेल.

गुल्फॉस धबधब्याच्या अलीकडच्या शेवटच्या पंपावर ती थांबली. स्टुर्लानं आपला फोन बघितला, मग वाकून गाडीचं मीटर बघितलं, मग पुन्हा फोन. एकशे सात किलोमीटर फोनचे. मीटर म्हणत होतं, त्र्याण्णव. तो काही बोलायच्या आधी ओड्नीनं त्याला समजावलं की मीटर रस्ता मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतं. चाक मोठं झालं, एका फेऱ्यात जास्त रस्ता गेला, पण मीटरला कुणी सांगितलंच नाही, ते बिचारं अजून जुन्याच चाकाच्या हिशेबात आहे. स्टुर्लाचे कान लाल झाले. पंधरा टक्के, तो पुटपुटला, म्हणजे तुझे सत्तावीस हे खरे साडेतेवीसच्या आसपास. मग अगदी सरळपणे त्यानं कबूल केलं की चूक त्याची आहे, आत्ता इथूनच हाफ्लिडीला फोन करतो, तिच्या किलोमीटरांना एक पूर्णांक पंधरानं गुणलं की झालं, आता परत फिरायला हरकत नाही. ओड्नीनं टाकी काठोकाठ भरून घेतली, त्याच्या कार्डानं. फिरायला हरकत नव्हती. तिचं म्हणणं सिद्ध झालं होतं. पण हा पोरसवदा माणूस एवढ्या सहज 'झालं' म्हणाला याचाच तिला संताप आला. "झालं नाही," ती म्हणाली. "तू मला एका आकड्यातून काढून दुसऱ्या आकड्यात बसवणार. पुढच्या महिन्यात मी बर्फावर जाईन आणि तुझा आकडा पुन्हा मला चोर म्हणेल. बस आत."

बर्फाची हद्द लागली तिथं ती खाली उतरली आणि चारी चाकांची हवा सोडली. पंचवीस पौंडांवरून तीन. हवा फुसफुसत बाहेर येते तेव्हा जुन्या रबराचा, तळघरासारखा वास येतो. तो नाकात गेला आणि तिला अचानक ते वर्ष आठवलं, तारखेनं नव्हे, अंगानं. हाताला लागलेली ओल. कारी गाडीच्या टपावर दोर बांधताना गुणगुणत होता. बावीस वर्षांपूर्वीचा तोही मार्चच होता, पण ती दुसरी हिमनदी, पूर्वेची, सगळ्यांत मोठी. कारीनं स्वतःच्या गाडीला नुकतीच नवी चाकं घातली होती आणि त्याला ती सगळ्यांना दाखवायची होती : जाऊन येऊन तीनशे किलोमीटर, दोघंच, नवरा आणि बायको. आदल्या दुपारी टाक्या ओड्नीनं भरल्या होत्या. मोठी नव्वदची, मागची साठची, वर वीसचे दोन डबे. मागच्या टाकीचं तोंड अवघड जागी होतं, नळी तिरपी धरून हळूहळू भरावी लागायची, शेवटी डिझेल ओठापर्यंत येऊन तिच्या मनगटावर सांडलं होतं. तो वास दोन दिवस गेला नव्हता. आणखी दोन डबे घेऊ या, असं ती म्हणाली होती. कारी हसला होता. म्हणाला होता, रस्त्यावर वीस लागतात, बर्फावर दुप्पट धर, तरी एकशे वीसच्या वर जात नाही, आपल्याकडे एकशे नव्वद आहेत, तू काय ग्रीनलंडला निघालीस?

स्टुर्ला दरवाजावरचा दांडा घट्ट धरून बसला होता. उन्हानं वरचा थर भुसभुशीत झाला होता आणि गाडी चालत नव्हती, पोहत होती. चपटी झालेली चाकं बर्फ दाबत, घसरत, पुन्हा पकडत होती. इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये एकसारखं ओरडत होतं आणि बाहेर मात्र माणूस चालेल एवढाच वेग. पांढऱ्यात पांढरं मिसळून गेलं होतं, आकाश कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. इथं ओड्नीला भीती वाटायला हवी होती, लोकांना तसंच वाटायचं. पण तिला इथं कधी भीती वाटली नाही. बर्फ खोटं बोलत नाही. त्याच्यावर जेवढं डिझेल जाळाल तेवढंच तो पुढं जाऊ देतो. भीती तिला वाटायची ती बर्फात अडकलेल्यांना सोडवणाऱ्या बचाव पथकाच्या शेडमध्ये. कारीबरोबरच्या त्या फेरीनंतरही ती पथकात होती, नऊ वर्षं. कुणी तिला काही बोललं नाही. फक्त बाहेर निघायची वेळ आली की कुणीतरी तिच्या हातातून अलगद नळी काढून घ्यायचं, राहू दे, मी भरतो, तू दोर बघ. नऊ वर्षं ती दोर बघत राहिली.

पंधरा किलोमीटर वर गेल्यावर तिनं गाडी थांबवली. इंजिन चालूच ठेवलं. डब्यातून चपटी भाकरी आणि धुरावलेलं मटण काढून अर्धं स्टुर्लाला दिलं. मीटर आता फोनच्या पुढं गेलं होतं, इथं चाक जागच्या जागी फिरत होतं आणि मीटर तो प्रत्येक फेरा रस्ता म्हणून धरत होतं. स्टुर्लानं ते आपणहून ओळखलं. रस्त्यावर ते कमी सांगतं आणि इथं जास्त, असं तो चावता चावता म्हणाला, जरा चकित होऊन, एखाद्या ओळखीच्या माणसाचा खोटेपणा कळावा तसा. मग त्यानं विचारलं, "हाफ्लिडी म्हणाला ते 'तेव्हाचं' म्हणजे काय?"

ओड्नीनं हे कधी कुणाला पूर्ण सांगितलं नव्हतं, भावालाही नाही. आता सांगताना तिला आश्चर्य वाटलं की ते किती थोडं आहे. ओला बर्फ लागला. जाताना निम्म्याहून जास्त डिझेल गेलं, तिनं परत फिरू म्हटलं, कारी म्हणाला उतारावर भरून निघेल. भरून निघालं नाही. परतताना, जिथून निघाले तिथून साठ-सत्तर किलोमीटरवर इंजिन थांबलं. एकोणीस तास ते दोघं गाडीत बसले, मधेच सुटलेलं वादळ ओसरेपर्यंत. कारी मधे एकदा खुणेचा झेंडा लावायला उतरला आणि बुटात बर्फ घेऊन आला. डाव्या पायाची तीन बोटं गेली. दवाखान्यात पथकाची माणसं आली, कारीच्या गॅरेजची दोन-तीन गिऱ्हाइकंही होती, आणि कुणीतरी विचारलं, अरे पण संपलं कसं? कारीनं तिच्याकडे बघितलं. पांढऱ्या बँडेजचा तो मोठा गोळा पलंगाच्या टोकाशी होता. तो म्हणाला, "घाईत मागची टाकी भरायची राहिली आमची." आमची, असं म्हणाला. ती हातात कॉफीचे दोन कप घेऊन दारात उभी होती आणि तिला वाटलं, असू दे. गॅरेजचं नाव जाईल, ज्यांना ज्यांना त्यानं 'फार तर चार' सांगितलं ते सगळे परत येतील. आणि आमची म्हणजे दोघांची, निम्मं ओझं आपण उचललं तर काय झालं. उन्हाळ्यापर्यंत 'आमची'चं 'ओड्नी विसरली' झालं. कारी ते विनोदानं सांगायचा, पायाची उरलेली दोन बोटं हलवून दाखवत. लोक हसायचे. तीही हसायची.

स्टुर्ला हसला नाही. त्यानं हातमोजा काढला आणि काचेवर जमलेल्या वाफेवर बोटानं आकडे लिहिले. एकशे नव्वद लिटर. ओल्या बर्फात शंभराला ऐंशी धरू, आत्ता आपण त्याच्याच आसपास असणार. त्यानं भागाकार केला. "दोनशे सदतीस किलोमीटर," तो म्हणाला. "टाक्या भरलेल्या असल्या तरी तीनशे होतच नव्हते. आणि मागची टाकी रिकामी असती तर तुम्ही आणखी पंचाहत्तर किलोमीटर आधीच थांबला असता. साठ-सत्तरवर थांबलात, म्हणजे ती भरलेलीच होती." एवढं सांगून तो बोट पुसत बसला. ओड्नी काचेवरच्या त्या ओघळायला लागलेल्या आकड्यांकडे बघत राहिली. बावीस वर्षांत हा भागाकार कुणी केला नव्हता. पथकातली माणसं, ज्यांचं आयुष्य डिझेलच्या हिशेबावर चालायचं, त्यांनी केला नव्हता. तिनंही केला नव्हता. तिला गरजच नव्हती, तिच्या मनगटावर तो वास होता. तिला वाटलं होतं, असं कधी झालं तर रडू येईल. रडू आलं नाही. आला तो राग, स्वच्छ, कोरडा, वरच्या वाऱ्यासारखा. चार ओळींचं गणित. एवढंसं. तिच्या शब्दावर नाही, तर निदान या चार ओळींवर तरी कुणी विश्वास ठेवला असता. तिनं गिअर टाकला आणि आपल्याच खुणांवरून गाडी वळवली.

खाली त्याच पंपावर टाकी पुन्हा काठोकाठ भरली, नळी स्टुर्लानं धरली. तेहतीस लिटर बसले. फोन म्हणत होता बासष्ट किलोमीटर, आणि मीटर चौसष्ट. स्टुर्ला गोंधळून हसला, म्हणाला, आता तर मीटर बरोबर आलं. ओड्नी म्हणाली, दोन चुका एकमेकींना भेटल्या, दुसरं काही नाही. लांबून बघणाऱ्याला ते बरोबर दिसतं. मग तिला स्वतःच्याच वाक्याचं नवल वाटलं, आणि परतीच्या वाटेवर, डोळे रस्त्यावर ठेवून, ती त्या वाक्याबरोबर बराच वेळ एकटी राहिली.

हाफ्लिडी कार्यालयात वाट बघत होता. स्टुर्लानं त्याला काय काय सांगितलं ते तिनं दारात उभं राहून ऐकलं : शंभर किलोमीटरला त्रेपन्न, बर्फाचा हिशेब तासांवर ठेवायला हवा, किलोमीटरवर नाही, आणि चूक आपली. हाफ्लिडीनं लगेच कार्ड सुरू करायला लावलं, तिचा खांदा थोपटायला हात पुढं केला. ती मागं सरली. तिनं सांगितलं की शुक्रवारी सकाळी सगळे चालक कॉफीला असतात, तेव्हा त्यानं हे सगळ्यांसमोर बोलायचं, बोटीचंही, कारण बोटीचं त्यानं एकट्या स्टुर्लाला सांगितलं असेल यावर तिचा विश्वास नाही. हाफ्लिडी म्हणाला, एवढं ताणायची गरज आहे का. ती म्हणाली, आहे. आणि ते जुनं? त्यानं खालच्या आवाजात विचारलं. ते तुझ्याकडून नकोय, असं ती म्हणाली आणि किल्ल्या खिशात टाकून निघाली.

पाच वाजले होते, ऊन अजून होतं. तिच्या वस्तीतल्या पोहण्याच्या तलावाशेजारी गरम पाण्याची कुंडं आहेत, आणि वस्तीतलं बरंच काही तिथं गळ्यापर्यंत पाण्यात बसून ठरतं. घटस्फोट झाला तेव्हा घर, गॅरेज, भांडी या सगळ्यांची वाटणी वकिलानं केली. कुंडांची त्या दोघांनी न बोलता केली. ओड्नी सकाळी जायची, कारी संध्याकाळी. अठरा वर्षांत चुकूनही बदल झाला नव्हता. आज तिनं अंघोळ केली, ओले केस मागं दाबले आणि वाऱ्यात उघड्या पायांनी चालत मोठ्या कुंडापाशी गेली. चार पुरुष होते. एक इलुगी, जहाजावरचा निवृत्त इंजिनिअर, ऐंशीला टेकलेला. दोन चेहऱ्यानं ओळखीचे. आणि कारी, डोळे मिटून, मान काठावर टेकून. त्याचे केस पार गेले होते. ती पायऱ्या उतरून त्याच्या समोर बसली. पाणी भाजत होतं. इलुगीनं भुवया वर केल्या, मग रीतीप्रमाणे विचारलं की वर हवा कशी होती. आवाज ऐकून कारीनं डोळे उघडले.

"वर ओला बर्फ होता," ओड्नी म्हणाली. "मी आज मोजून आले. शंभर किलोमीटरला त्रेपन्न, आणि तेही निम्म्या वाटेला रस्ता धरून. नुसत्या बर्फावर ऐंशी." इलुगीनं शीळ घातली. ती थांबली नाही, कारण थांबली असती तर गप्पांनी दुसरं वळण घेतलं असतं. ती कारीकडे बघूनच बोलत होती, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "त्या वर्षी मागची टाकी भरलेली होती. मी भरली होती, ओठापर्यंत. हिशेब याचा चुकला." ओळखीच्या दोघांपैकी एकानं आपले पाय बघायला सुरुवात केली. कारीच्या चेहऱ्यावर तो जुना विनोद यायला लागला, ओठाच्या कोपऱ्यापासून, ओड्नीला तो ओळखू आला. आणि मग तो अर्ध्यातच थांबला, कदाचित ती हसत नाही हे दिसल्यामुळं. "चाकं नवी होती," तो म्हणाला. "किती पितील ते कुणालाच माहीत नव्हतं."

"मला माहीत होतं. आणखी दोन डबे घे म्हटलं होतं मी."

कारीनं तोंडावरून पाणी फिरवलं. "हो," तो म्हणाला. "म्हटलं होतंस."

इलुगीनं घसा खाकरला. आयुष्यभर इंजिनांना तेल पाजलेला तो म्हातारा तिच्याकडे वळला आणि जवळजवळ रागावून म्हणाला, मग तेव्हाच का नाही बोललीस, बाई? ओड्नीनं उत्तर शोधलं. उत्तरं बरीच होती. अठरा वर्षं ती रोज सकाळी याच पाण्यात बसून त्यांच्यावरून हात फिरवत आली होती. पण आता त्यांतलं एकही बाहेर काढावंसं वाटेना. "बोलायला हवं होतं," ती म्हणाली. "आता बोलले."

पुरुष एकेक करून उठतील असं तिला वाटलं होतं. दोघे उठले. इलुगी बसून राहिला. कारीही बसून राहिला, आणि तिला जाणवलं की तो तिच्या जाण्याची वाट बघतोय. बोलून झालं, आता ती जाईल, आणि संध्याकाळ पुन्हा त्याची होईल. वारा सुटला होता, पाण्याबाहेरचे तिचे ओले केस कडक व्हायला लागले होते. हलकं वगैरे काही वाटत नव्हतं. भूक लागली होती, आणि गाडी चालवून खांदे दुखत होते, आणि त्या दुखऱ्या खांद्यांना हे पाणी फार बरं वाटत होतं. "मी उद्यापासून याच वेळेला येणार आहे," ती कारीला म्हणाली. "सकाळी मला लवकर निघावं लागतं." आणि तिनं पाण्याखाली पाय सरळ लांब केले, जेवढे होतील तेवढे. समोर कारीनं आपला डावा पाय जवळ ओढून घेतला.